सातवा पट्टा

मला चाचांचा राग येतो. आमचा हा भाड्याचा ट्रॅक्टरवाला माणूस गाव सोडून सोयगावला लेकीकडे गेला, ट्रॅक्टर विकून टाकला, माझ्या बागेशी त्यांचा आता काडीचाही संबंध उरलेला नाही, तरी राग येतो. सकाळी हर्सूलला रहदारीत स्कूटर अडकली की येतो. वर्गात फळ्यावर समीकरण लिहिता लिहिता येतो आणि मग पुढच्या बाकावरचं एखादं पोर विनाकारण बोलणी खातं. बायको म्हणते, "तुम्हाला राग चाचांचा नाही, स्वतःचा येतोय." ती बरोबर बोलते, म्हणून मग मी तिच्यावरही खेकसतो.

रागीट मी पहिल्यापासूनच आहे. चाचाही होते. दोन तिरसट माणसांनी एका बागेत अकरा वर्षं कशी काढली ते बायकोलाच ठाऊक, कारण मधे तीच उभी असायची.

माझी बाग फुलंब्रीच्या अलीकडे, डांबरी रस्त्यापासून थोडी आत. तीन एकर द्राक्ष, शेजारीच घर. मी रोज स्कूटरवरून शहरात जातो, ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो आणि संध्याकाळी परत येतो. म्हणजे बागेच्या वाट्याला माझा येतो तो रविवार. चाचांचं आणि माझं पहिलं भांडण झालं ते या रविवारावरूनच.

द्राक्षाच्या दोन ओळींमध्ये लहान ट्रॅक्टर जाईल एवढा पट्टा मोकळा असतो. मशागत करायची ती या पट्ट्यांची. ऑक्टोबरच्या छाटणीआधी माती हलवून, शेणखत घालून तयार ठेवायची, म्हणजे छाटणीनंतर वेलाला नवी पांढरी मुळी फुटते. मी शिकलेला माणूस, त्यामुळे मी या सगळ्याचं वेळापत्रक केलं होतं. भिंतीवर मोठा कागद, त्यावर स्केचपेननं रंगीत चौकोन. पहिल्या रविवारी कल्टिव्हेटर, दुसऱ्या रविवारी शेणखत, तिसऱ्या रविवारी रोटाव्हेटर. कागद दिसायला झकास होता. चाचांनी तो पाहिला आणि म्हणाले, "चांगला हाय. पोरीच्या लग्नाची यादी हाय का?"

पहिल्या रविवारी ते आले. उंच, काटकुळे, डोक्याला गमछा आणि पायात काही नाही. बागेत शिरताना चप्पल ट्रॅक्टरच्या पायदानावर काढून ठेवायची हा त्यांचा नेम होता. एका पट्ट्यात चार पावलं गेले, वीतभर खाली हात घातला, मूठभर माती काढून तिचा गोळा केला आणि कमरेच्या उंचीवरून खाली सोडला. गोळा थप्पकन पडला आणि तसाच राहिला.

"आज नाय," चाचा म्हणाले.

"का नाही? मी मुद्दाम घरी थांबलोय."

"वाफसा नाय. गोळा फुटला पायजे. ही अजून वली हाय. आज फण घातला तर हिच्या विटा व्हतील."

"अहो, मग परत कधी? मला सुट्टी रविवारचीच असते."

"सर, जमिनीला तुमची सुट्टी म्हाईत नाय."

आणि ट्रॅक्टर वळवून गेलेसुद्धा. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. गोळा, थप्प, "आज नाय". मी आवाज चढवला. छाटणीवाल्यांची टोळी ठरली आहे, ती लांबून येते, तिची तारीख बदलत नाही, हे सगळं ओरडून सांगितलं. चाचा शांतपणे ऐकत होते. मग एकदम त्यांचाही पारा चढला. "कैको चिल्लाते सर? मी पन चिल्लाऊ का? छाटणी वेलाची हाय, मातीची नाय!" तेवढ्यात बायको पाण्याचा तांब्या घेऊन आली म्हणून बरं.

आणि मग मधल्या बुधवारी, मी कॉलेजात मुलांचं प्रॅक्टिकल घेत असताना, हे गृहस्थ न बोलावता आले आणि बागेत ट्रॅक्टर फिरवून गेले. ना विचारलं, ना फोन. संध्याकाळी घरी आलो तर माती अशी की बोट सहज आत जावं. पण माझं लक्ष त्याकडे गेलं नाही. माझं लक्ष गेलं ते बांधाकडून सातव्या पट्ट्याकडे. तो पट्टा तसाच होता. गवतासकट.

मी त्याच पावली चाचांच्या दारात गेलो. "एक पट्टा राहिला."

"राहिला नाय. ठेवला."

"का?"

"राहू द्या. बघू."

"काय बघू?"

"दहा-अकरा वर्षं बघू," चाचा म्हणाले आणि कांद्याची फोड तोंडात टाकली.

त्या दिवशी मी एकेरीवर आलो. "म्हाताऱ्या, बाग तुझी आहे का माझी?" असं म्हणालो. शेजारी ऐकत होते. चाचांनी कांदा चावून संपवला आणि म्हणाले, "बाग तुमची. पट्टा ऱ्हाऊ द्या." मी पाय आपटत घरी आलो. त्यावेळी दुसरा ट्रॅक्टरवाला मिळाला असता तर गोष्ट तिथंच संपली असती. मिळाला नाही. ऐन हंगामात कोण रिकामं असतं?

पुढं दरवर्षी तेच झालं. सारी बाग फिरवायची आणि सातवा पट्टा सोडायचा. त्यातलं गवत गुडघ्याला आलं की चाचा स्वतः येऊन विळ्यानं कापायचे आणि तिथंच अंथरून टाकायचे. गावात नाना तर्क. कुणी म्हणे चाचांनी तिथं काहीतरी पुरलंय. कुणी म्हणे नवस आहे. माझ्यासारखा रसायनशास्त्राचा माणूससुद्धा एकदा हळूच बायकोला म्हणाला, "तिथं खरंच काही पुरलं तर नसेल?" ती हसली नाही. ती म्हणाली, "चाचा पाणी बघतात तिथलं. तुम्ही कधी विचारलंत का?"

पाणी बघण्याचा प्रकार असा. चाचांच्या ट्रॅक्टरच्या पेटीत एक पत्र्याचा डबा असायचा, बूड काढलेला. तो ते सातव्या पट्ट्यात दोन बोटं रुतवायचे, तांब्याभर पाणी ओतायचे आणि मोठ्यानं आकडे मोजत बसायचे. पाणी मुरलं की आकडा लक्षात ठेवायचे. मग शेजारच्या फिरवलेल्या पट्ट्यात तेच. मोजताना कुणी बोललेलं खपायचं नाही. बांधावरून टोळकी मुद्दाम हाक मारायची, "चाचा, साठ झाले का सत्तर?" आणि चाचांचा आकडा चुकायचा. मग ते डबा उपटून त्या टोळक्याच्या अंगावर धावून जायचे, परत यायचे, परत पहिल्यापासून एक, दोन, तीन. लोकांना ही करमणूक होती. मीही ओट्यावर बसून हसलो आहे.

त्यात त्यांचं आणखी एक वेड वाढत गेलं. ते दरवर्षी काम कमी करायला लागले. पहिल्या वर्षी तीनदा फिरवायचे ते दोनदा, मग एकदा, मग एकाआड एक पट्टा. "पुरे झालं. जास्ती नक्को." दुसऱ्यांच्या बागांतही तेच सांगायचे, "यंदा मला बलावू नगा." भाड्यानं ट्रॅक्टर चालवणारा माणूस गिऱ्हाइकाला सांगतो की मला बोलावू नका! लोक म्हणायचे म्हातारा आळसावला, गुडघे गेले. गिऱ्हाइकं हळूहळू मोठ्या ट्रॅक्टरवाल्यांकडे गेली. मी राहिलो, कारण चाचांशी भांडण्याची मला सवय झाली होती.

एका पावसाळ्यात त्यांनी मला हाताला धरून बागेत नेलं. रात्रभर पाऊस पडून नुकता उघडला होता. सगळ्या पट्ट्यांत पाणी तुंबलं होतं, वर गाळाचा पापुद्रा. सातव्यात पाणी नव्हतं. "ह्यो बघा फरक," चाचा म्हणाले. मला कॉलेजला उशीर होत होता, बुटाला चिखल लागला होता. मी म्हणालो, "हं." खरंच, फक्त "हं" म्हणालो आणि पाय झटकत निघून गेलो.

आता हे लिहिताना हाताची मूठ वळते. बावीस वर्षं मी मुलांना शिकवतोय की प्रयोगात एक नमुना हात न लावता बाजूला ठेवायचा. बाकी सगळ्यांवर क्रिया करायची आणि मग त्या हात न लावलेल्याशी ताडून बघायचं. नाहीतर काय झालं ते कळणार कसं? परीक्षेत यावर दरवर्षी प्रश्न असतो. ज्यानं उत्तर लिहिलं नाही त्याचे मार्क मी कापतो. आणि माझ्या स्वतःच्या बागेत, माझ्या नाकासमोर, शाळेचं तोंड जेमतेम पाहिलेला एक माणूस तेच करत होता, आणि मी विचारत होतो की तिथं काय पुरलंय.

अकरावं वर्ष सरत आलं तेव्हाची गोष्ट. चाचा संध्याकाळी ओट्यावर येऊन बसले. बायकोनं चहा दिला. मी कॉम्प्युटरवर प्रॅक्टिकलचे मार्क भरत होतो. चाचा तिच्याशीच बोलत होते, पण आवाज माझ्यापर्यंत येत होता.

"वहिनी, तीस वर्षं मी ही माती दळली. पिठावानी केली. लोक म्हणायचे मऊ करून द्या, मी द्यायचो. मला कुठं म्हाईत व्हतं? पीठ झालं की पानी आत जात नाय, मुळी गुदमरती. मीच मारली. भाडं घेऊन मारली." चहाचा घोट घेऊन म्हणाले, "आता जायच्या आधी येकदा लोकांला दाखवायचंय. मी सांगून कोन ऐकतंय? मला येडा म्हनतात. डोळ्यानं बघतील तर ऐकतील. अकरा वर्षांची माती येका बाजूला, दळलेली येका बाजूला. डबा लावून दाखवतो."

मग मला म्हणाले, "सर, लोक आणू का बागेत? आपल्या शेतीच्या साहेबाशी बोललोय मी. तो बागायतदार जमवतो म्हनला. सातवा पट्टा दाखवतो."

"आणा की," मी स्क्रीनवरून मान न उचलता म्हणालो.

माझ्या कानात शिरलं ते एवढंच की बागेत लोक येणार आहेत. तालुक्यातले बागायतदार, कृषी खात्याचा माणूस, माझ्या बागेत! मला वाटलं माझी बाग बघायला येणार. वेल माझे चांगलेच होते. पुढचे आठ दिवस मी आरशासमोर भाषण केलं. गंधकाची फवारणी कधी, किती, का. खुर्च्या सांगितल्या, नाश्त्याला पोहे सांगितले, शर्ट परीटघडीचा ठेवला.

आदल्या दिवशी शनिवार. दुपारी घरी आलो, बागेतून एक चक्कर मारली आणि सातव्या पट्ट्यात पाऊल टाकताच माझ्या अंगाचा तिळपापड झाला. गुडघ्याएवढं गवत. उद्या चाळीस माणसं येणार आणि माझ्या बागेत हे रान! लोक म्हणतील मास्तरला बाग सांभाळता येत नाही. पाहुणे यायचे म्हणून घर झाडतो, अंगण सारवतो, तसं मी ठरवलं की एवढा पट्टा स्वच्छ करून टाकायचा.

बायको म्हणाली, "चाचांनी तो राहू द्या म्हटलंय. त्यांना तोच तर दाखवायचाय."

"गवत दाखवायचंय?" मी म्हणालो. "त्याच्या वेडापायी मी लोकांत शोभा करून घेऊ? अकरा वर्षं ऐकलं. बस झालं!"

शेजारच्या शिवारात एकाचा रोटाव्हेटर चालू होता. त्याला हाक मारली. दहा मिनिटांत त्यानं पट्टा फिरवला. पहिल्यांदा गेला तेव्हा गवत आडवं झालं, परत आला तेव्हा सगळं चिरून मातीत. मी मागून चालत होतो. माती काळीभोर निघाली, हाताला लोण्यासारखी, आणि तिच्यात गांडुळं. पुष्कळ गांडुळं, तुकडे झालेली, वळवळणारी. वासही वेगळा होता. मी मूठभर माती उचलून त्या ट्रॅक्टरवाल्याला दाखवली आणि म्हणालो, "बघ, रोटाव्हेटर फिरला की माती कशी भुसभुशीत होते!"

हे माझे शब्द आहेत. दुसऱ्या कुणाचे असते तर मी त्याला वर्गाबाहेर उभा केला असता.

रविवारी लोक आले. चाचा आले ते धुतलेला पांढरा सदरा-पायजमा घालून, काखेत तो डबा आणि हातात पाण्याची कळशी. बागेच्या तोंडाशी चप्पल काढली. कृषी सहायक म्हणाला, "चला मंडळी, चाचांचा पट्टा बघू," आणि चाळीस माणसं त्यांच्यामागून निघाली. मी सगळ्यांत पुढं, शर्टाची घडी सांभाळत.

चाचा बांधापासून मोजत गेले. एक, दोन करत सातव्यापर्यंत. थांबले. इकडं तिकडं पाहिलं, मग बांधापर्यंत परत गेले आणि पुन्हा मोजत आले. पुन्हा तिथंच थांबले. तिसऱ्यांदा मोजायला बांधाकडे जाताना त्यांची पावलं हळू झाली होती. त्यांना वाटत असावं की आपणच चुकतोय. ते परत येईपर्यंत मला सगळं समजलं होतं. ते काय दाखवणार होते, डबा कशासाठी, अकरा वर्षं कशाची. एका क्षणात समजलं. इतक्या वर्षांत न समजलेलं समजायला तेवढाच वेळ पुरला, याचा मला आजही संताप येतो.

"चाचा, कुठाय पट्टा?" मागून कुणीतरी विचारलं.

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. माझ्या बुटाला कालची माती लागली होती.

"ह्योच व्हता," चाचा म्हणाले. "मीच फिरवला काल. ध्यानात ऱ्हायलं नाय."

 मग मागं एक जण खुसकन हसला आणि सगळेच हसले. "अहो चाचा, अकरा वर्षं राखला आणि आदल्या दिवशी फिरवला?" "वय झालं आता!" कुणी म्हणालं, "डबा लावा की, डबा लावा!" चाचा डबा काखेत तसाच धरून उभे होते. बायको घराच्या दारात उभी होती आणि तिची नजर माझ्यावर होती. मी एक वाक्य बोललो असतो तर पुरलं असतं. मी फिरवला. दोन शब्द. माझी जीभ हलली नाही.

नाही, हलली. कृषी सहायकाला माणूस म्हणून वाईट वाटलं असावं. लोकांचं लक्ष दुसरीकडे न्यावं म्हणून तो म्हणाला, "सर, बाग तुमची छान आहे. तुम्ही दोन शब्द सांगा." आणि मी सांगितले! पाठच केलं होतं. त्या फिरवलेल्या पट्ट्यात उभं राहून मी चाळीस माणसांना गंधकावर भाषण दिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चाचा मागं उभे राहून ऐकत होते.

पोहे झाले, चहा झाला, मोटारसायकली गेल्या. चाचा सातव्या पट्ट्याच्या कडेला उकिडवे बसले होते. हातात मातीचा मूठभर गोळा होता, तो ते दाबत नव्हते की टाकत नव्हते. मी जवळ गेलो. आता शिव्या बसणार हे मला माहीत होतं, आणि खरं सांगतो, मला त्या हव्या होत्या. आई-बापावरून दिल्या असत्या तरी मी ऐकून घेतल्या असत्या. इतकी वर्षं क्षुल्लक कारणावरून माझ्या अंगावर ओरडणारा माणूस, आज तरी ओरडावा!

"सर, तुमचं वय काय?" चाचांनी विचारलं.

"बावन्न."

त्यांनी बोटांच्या पेरांवर मोजलं. ओठ हलत होते. एकदा मोजून झाल्यावर खात्रीसाठी पुन्हा मोजलं.

"तिरसष्ट," ते म्हणाले. "व्हतंय सर. तुमचं व्हतंय. आजपासून राखला तर तिरसष्टाव्या वर्षी तुमी दाखवू शकता लोकांला. मधे कुनाला हात लावू देऊ नगा, बस. माझं नाय व्हायचं आता."

आवाजात राग नव्हता. एखाद्या बागेत काय काम करायचं ते समजावून सांगताना बोलायचे तसंच बोलले. मग गुडघ्यावर हात टेकून उठले, डबा ट्रॅक्टरच्या पेटीत ठेवला आणि चप्पल पायात घातली.

माझ्या तोंडात शब्द होता. 'चुकलो' एवढाच, तीन अक्षरांचा. मी म्हणालो, "चाचा, चहा घेऊन जा. लोकांसाठी केलेला उरलाय."

"नक्को सर," चाचा म्हणाले, आणि त्यांनी ट्रॅक्टर चालू केला.